दोन बोटं नळी

संपादक म्हणाला, अंक निघतोय, कविता दे. मी म्हणालो, कविता नाही. दोन महिने झाले, एक ओळ आलेली नाही. तो म्हणाला, मग सुट्टीला करतोस काय? म्हणालो, कारबोरेटर खोलतो. तो हसला. मग म्हणाला, तेच लिही. म्हणून लिहितोय. ज्यांना कविता पाहिजे त्यांनी चार पानं उलटून पुढं जावं.

मी सूतगिरणीत कामाला आहे. इचलकरंजीच्या बाजूला. ऑटोकोनर खात्यात, कंत्राटी. रिंगफ्रेमवरनं भरलेल्या बॉबिनी येतात, त्यांचं सूत कोनावर गुंडाळायचं, एवढंच ते मशीन करतं. सूत तुटलं की मशीन आपणच जोडतं. त्याला एक वाकडी नळी असते. ती वर जाते, कोनावरचं तुटलेलं टोक हवेनं ओढून घेते, खाली आणते. दुसरी नळी बॉबिनीचं टोक आणते. दोन्ही टोकं एका डबीत जातात, तिथं हवेचा झोत बसतो, पीळ सुटतो, तंतू एकमेकांत मिसळतात आणि सूत सांधलं जातं. गाठ नाही. त्या वाकड्या नळीला आमच्या खात्यात सक्शन माऊथ म्हणतात. माऊथ म्हणजे तोंड. आठ तास मी मशीनची तोंडं साफ करत फिरत असतो. तुंबतात ती, कापसाच्या तंतूनं.

हे आधी सांगतोय, कारण पुढं तोंडाचाच विषय आहे.

गाडी घेतली 2019 साली. शंभर सीसीची, सेकंडहँड, आठ वर्षं चाललेली. तिसऱ्या पाळीला एसटी नाही, वडाप नाही, गिरणी गावापासून अकरा किलोमीटर. अठरा हजार दिले, त्यातले दहा आईच्या बचतगटाचे. पुढच्या मार्चात टाळेबंदी लागली. गिरणी बंद, गाडी पडवीत उभी. अडीच महिन्यांनी भोंगा झाला आणि गाडीला किक मारली तर चालू होईना. झाली तर स्लोला थांबेना. ॲक्सिलेटर सोडला की मेली. मी ती ढकलत हमरस्त्यावरच्या गॅरेजात नेली.

मिस्त्रीनं कारबोरेटर काढला, जेट काढलं, तोंडात धरून फूऽऽ केलं, बसवलं. तीनशे रुपये. आठ दिवस चालली. पुन्हा तेच. पुन्हा फूऽऽ. तिसऱ्या वेळी मी वाकून बघायला लागलो तसा मिस्त्री म्हणाला, ‘‘एवढी हौस आहे तर रविवारी ये की. हाताखाली रहा. शिकशील.’’

गेलो. वर्षभर गेलो. पगार नाही, चहा-वडापाव. पण शिकलो, हे कबूल केलं पाहिजे. गाडीला श्वास असतो हे तिथं कळलं. इंजिन हवा ओढतं. ती हवा कारबोरेटरच्या गळ्यातनं जाते. गळा मध्ये आवळलेला असतो, म्हणून तिथं हवेला वेग येतो, दाब कमी होतो, आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या भोकातनं वर ओढलं जातं. वाटीत एक तरंगणारा फ्लोट असतो. पेट्रोल चढलं की तो चढतो आणि सुईनं तोंड बंद करतो, उतरलं की उघडतो. संडासाच्या टाकीत असतो तसाच. मेन जेट वेगासाठी, स्लो जेट गाडी उभी असताना नुसती धुगधुगी ठेवायला. स्लो जेटचं भोक केसापेक्षा थोडंच मोठं. पेट्रोल वाटीत महिनोन्‌महिने पडून राहिलं की उडून जातं आणि मागं गुळाच्या काकवीसारखा चिकटा राहतो. तो आधी स्लो जेटलाच धरतो. माझ्या गाडीचं दुखणं एवढंच होतं. टाळेबंदीत माणसांचीही धुगधुगीच गेली होती, पण ते असू दे.

जेटवर आकडा कोरलेला असतो. 35 असेल तर भोक 0.35 मिलिमीटर, असा त्याचा हिशेब. (दुसऱ्या काही कंपन्यांच्या जेटांवर मिनिटाला किती पेट्रोल वाहतं त्यावरनं आकडा असतो. दोघांची सरमिसळ करू नये.) मला गंमत वाटली. आमच्या गिरणीत उलटं आहे. 840 वारांची एक लडी, एका पौंडात अशा किती लड्या बसतात तो सुताचा नंबर. नंबर वाढला की सूत बारीक. जेटचा नंबर वाढला की भोक मोठं.

आता नळीचं.

गॅरेजात खिळ्याला एक नळी टांगलेली असायची. हातभर, पिवळी पडलेली. टाकीतलं पेट्रोल काढायचं असलं की एक टोक टाकीत घालायचं, दुसरं तोंडात धरून ओढायचं, पेट्रोल ओठापर्यंत आलं की पटकन खाली कॅनमध्ये सोडायचं. मिस्त्री ओढायचा, त्याचा पुतण्या ओढायचा, मी ओढायचो. नळी एकच. कधी अंदाज चुकायचा, पेट्रोल घशात जायचं. दिवसभर ढेकर पेट्रोलचा. ही पद्धत वाईट आहे, हे लिहूनच टाकतो. पोटात गेलं तर एक वेळ निभावतं, ठसक्यात फुप्फुसात गेलं तर माणूस दवाखान्यात जातो.

गॅरेज माझ्या गावचं नाही. माझं आडनाव असं की त्यावरनं काही कळत नाही. एप्रिलमध्ये एका रविवारी आमच्या वस्तीतली पोरं जयंतीच्या वर्गणीला हमरस्त्यावरनं फिरत होती. मला बघितलं, तिथनंच हात वर करून ओरडली, ‘‘जयभीम रं!’’ मी पण हात वर केला, ‘‘जयभीम.’’ हातात पाना होता.

पुढच्या रविवारी गेलो. एक गाडी आली, टाकी उतरवायची होती. मी नळी घेतली, ओढली, पेट्रोल काढलं, नळी खिळ्याला लावली. तासाभरानं दुसरी गाडी. मिस्त्रीचा पुतण्या उठला. माझ्याच वयाचा पोरगा, वर्षभर एका कागदातला वडापाव खाल्लेला. त्यानं नळी काढली. डब्यातलं ब्लेड घेतलं. मी जिथं तोंड लावलं होतं त्या टोकाचा दोन बोटं तुकडा कापला. खाली टाकला. मग नळी तोंडात धरली आणि ओढली.

कुणी काही बोललं नाही. मिस्त्री चेन धूत होता. मी पण बोललो नाही. मोर्चात मी पहिल्या रांगेत असतो, घोषणा देऊन घसा बसतो माझा. तिथं तोंडातनं शब्द फुटला नाही. तो तुकडा ऑइलमध्ये पडला होता. मी उचलला, फडक्यानं पुसला, खिशात घातला. संध्याकाळी घरी आलो. परत गेलो नाही.

आज्याला सांगितलं. आजा मुंबईत थ्रॉसल खात्यात होता, 1982 च्या संपापर्यंत. 18 जानेवारीला संप सुरू झाला, आजा वर्षभर नायगावात थांबला, मग गावाकडं आला. तो संप कधी मागं घेतलाच नाही, असं अजून सांगतो. म्हणजे त्याच्या हिशेबानं तो आजून संपावरच आहे. आजा ऐकून घेऊन म्हणाला, ‘‘म्हंजी धोट्याचीच गोष्ट की रं ही.’’

धोट्याची गोष्ट त्याला त्याच्या बापानं सांगितलेली. जुन्या साच्यात धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातनं तोंडानं ओढून बाहेर काढायचं. दिवसातनं कितीदा तरी. धोटा एकाच्या हातातनं दुसऱ्याच्या हातात, एका तोंडातनं दुसऱ्या तोंडात. म्हणून आपल्या माणसाला साचेखात्यात घ्यायचे नाहीत. सूत बाटतं म्हणायचे. साचेखात्यात पैसा जास्त, आपण सूत काढायच्या खात्यात. आपण काढलेलं सूत चालायचं, तेच सूत आपण तोंडानं ओढलेलं चालायचं नाही. ‘‘माझा बाप हुशार हुता,’’ आजा म्हणाला. ‘‘दोन साचे सहज संबाळला असता. जलमभर थ्रॉसलात मेला. मी त्याच्या वशिल्यानं लागलो, म्हंजी थ्रॉसलातच.’’

इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांतपण असंच तोंडानं ओढायचे. तिकडं त्याला धोट्याचा मुका म्हणायचे. रोगराई पसरते म्हणून तिथं ते 1952 साली कायद्यानं बंद झालं. इकडं त्याच मुक्याचा विटाळ झाला.

त्या रात्री ठरवलं, आपली हत्यारं आपण करायची. कुणाच्या खिळ्याची नळी नको आणि कुणाचं ब्लेड नको.

पहिलं हत्यार बिघडलं, ते सांगतो. जेट साफ करायला ब्रेकच्या जुन्या केबलचा एक पदर उसवला, त्याची तार जेटात घातली आणि मागंपुढं ओढली. भोक आरशासारखं लख्ख झालं. गाडी सुरू झाली, थांबली स्लोला. मी खूश. पण महिन्याभरात पेट्रोलचा खर्च वाढला, प्लग काढून बघितला तर काळाकुट्ट, काजळी धरलेला. केबलची तार पोलादाची, जेट पितळेचं. मी साफ केलं नव्हतं, भोक कोरून मोठं केलं होतं. नवीन जेट आणावं लागलं. आता विजेच्या वायरीतल्या तांब्याच्या बारीक तारा वापरतो. तांबं मऊ असतं, पितळाला ओरखडत नाही. पण तीही शेवटचा उपाय म्हणून. आधी जेट रात्रभर पेट्रोलात भिजत ठेवायचं, मग नायलॉनच्या ब्रशाचा एक केस घालून बघायचा, मग उजेडाकडं धरून आरपार बघायचं. भोक गोल दिसलं पाहिजे, चंद्रासारखं. अर्धवट दिसलं तर परत भिजत.

दुसरं, जेटचा स्क्रूड्रायव्हर. गॅरेजातल्या निम्म्या गाड्यांच्या जेटांच्या खाचा खाल्लेल्या असतात, कारण पातं बारीक, खाच रुंद. जोर लावला की पितळ सोलतं. मी एक मोडका स्क्रूड्रायव्हर घेतला, उंबऱ्याजवळच्या दगडावर घासला, जेट घालून बघितलं, परत घासला. तीन संध्याकाळ गेल्या. पातं खाचेत पूर्ण बसलं पाहिजे, कडेनं हललं नाही पाहिजे. दुकानात तो चाळीस रुपयांना मिळाला असता असं बाप म्हणाला. मिळाला असता, पण माझ्या खाचेचा मिळाला नसता.

तिसरं फुंकायचं. तोंडाच्या फुंकरीत जोर तो किती, शिवाय वाफ जाते, थुंकी जाते. गिरणीत दाबाच्या हवेच्या नळ्याच नळ्या. आमची पोरं पाळी सुटली की त्याच हवेनं अंगावरचा कापूस झाडतात. झाडू नये, कातडीतनं हवा शिरते, डोळा जातो, पण झाडतात. एकदा मनात आलं, डब्यातनं कारबोरेटर न्यावा आणि तिथंच मारावी हवा. गेटवर झडती असते. डब्यात भाकरीऐवजी कारबोरेटर सापडला तर कंत्राटी माणसाला चोर ठरवायला दुसरा पुरावा लागत नाही. नेला नाही.

सायकलचा पायपंप घेतला, भंगारातला, वॉशर चामड्याचा बदलला, खोबरेल तेलात भिजवून. पुढं फुटबॉलात हवा भरायची सुई. तिचं भोक कडेला होतं, टोक घासून ते समोर आणलं. पंपाची नळी आणि सुई यांची मापं जुळेनात. मध्ये जोड लागत होता. दहा वस्तू लावून बघितल्या. मग शर्टाच्या खिशात तो तुकडा आठवला. दोन बोटं लांब. एका बाजूनं सुई, दुसऱ्या बाजूनं पंप. गच्च बसला. बारीक तारेनं आवळला. अजून तोच आहे. कडक पडलाय आता, पेट्रोल लागून पीव्हीसी असंच दगड होतं, पण हवा सोडत नाही.

त्या पंपानं फुंकायच्या आधी फ्लोट आणि सुई काढून ठेवायची, रबराचे वॉशर काढायचे, मगच प्रत्येक भोकात हवा मारायची आणि दुसऱ्या भोकावर बोट ठेवून ती बाहेर येते का बघायची. कुठल्या भोकाचा रस्ता कुठं निघतो हे मी असंच शिकलो, वहीत नकाशा काढून. एका बाजूला तो नकाशा, मागच्या बाजूला कविता. संपादकाला मागं ज्या दोन कविता दिल्या त्यांच्या पाठीवर स्लो जेटचा रस्ता होता. त्यानं बघितला की नाही माहीत नाही.

चौथं हत्यार बापाचं. बाप गवंड्याच्या हाताखाली. घर बांधताना पाया एका पातळीत आहे का बघायला पारदर्शक नळी लागते, पाणी भरलेली. एक टोक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात, पाणी दोन्हीकडं सारखं उभं राहतं. कारबोरेटरच्या वाटीत पेट्रोल किती उंचीला आहे हे बाहेरनं दिसत नाही. जास्त असलं की ओव्हरफ्लो, कमी असलं की वेगात गाडी अडखळते. वाटीखाली पेट्रोल सोडायला एक तोटी असते. तिला पारदर्शक नळी लावायची, वर उभी धरायची, स्क्रू ढिला करायचा. आत जेवढी पातळी तेवढीच नळीत. वाटीच्या कडेपासनं मोजायचं. हे मी बापाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. बाप म्हणाला, ‘‘ही तर आमची लेव्हल.’’ आणि नळी हातात घेऊन बोटानं टिचक्या मारत बसला. ‘‘बुडबुडा काढ आधी. बुडबुडा ऱ्हायला तर लेव्हल खोटी बोलती. त्या बुडबुड्यापायी एकदा आमची आख्खी भिंत पाडायला लागली हुती.’’ बापानं आपल्या लेव्हलच्या नळीतनं हातभर तुकडा मला कापून दिला. त्याचं ब्लेड वेगळं.

पाण्याच्या पातळीचं नाव निघालं की आमच्याकडं महाड आलंच पाहिजे. आज नको. आज पेट्रोलच.

हल्ली पाणीही त्यातच सापडतं म्हणा. पेट्रोलात इथेनॉल मिसळतात, 2022 साली दहा टक्क्यांपर्यंत गेलं, 2025 ला वीस. आमच्याच पट्ट्यातल्या उसाचं इथेनॉल. ते हवेतली ओल पितं. पावसाळ्यात गाडी बंद राहिली की वाटीच्या तळाला पाणी जमतं. त्यासाठी लोणच्याची काचेची बरणी. वाटीतलं सगळं तिच्यात सोडायचं, पाच मिनिटं थांबायचं. पाणी खाली बसतं, रेघ दिसते. जुन्या गाड्यांचं रबरही फुगतं त्यानं. एप्रिल 2020 पासनं नव्या बहुतेक गाड्यांना कारबोरेटर येत नाही, इंजेक्शन येतं, कॉम्प्युटरवर तपासायचं. शोरूमची पोरं जेटला हात लावत नाहीत. पण आमच्या वस्तीत, शेतमजुरांच्यात, पाळीवाल्यांच्यात जुन्याच गाड्या. त्या अजून दहा वर्षं मरत नाहीत. त्यामुळं आमच्या दारात रविवारी तीन-चार गाड्या उभ्या असतात. पन्नास रुपये घेतो, कुणाकडनं शंभर. आई ओरडते, पेट्रोलचा वास चुलीपर्यंत येतो. म्हणून काम दारात नाही, पलीकडं उंबराखाली. पेट्रोलाची वाफ जमिनीलगत सरपटत चुलीला गाठते, आईचं बरोबर आहे.

पाचवं, ओढायचं. नळीनं पेट्रोल काढायचं पण तोंड नको. रिक्षाला पूर्वी रबरी भोंगा असायचा, दाबला की पोंऽऽ करायचा, तसला एक भंगारात मिळाला. शिट्टी काढून टाकली, तिथं नळी घट्ट बसवली. भोंगा दाबून ठेवायचा, दुसरं टोक टाकीत घालायचं, भोंगा सोडायचा. तो फुगताना पेट्रोल ओढतो. नळी भरली की चिमटीत धरायची, भोंगा काढायचा, टोक टाकीच्या खाली कॅनमध्ये सोडायचं. वाहायला लागतं. आज्याला दाखवलं. आजा खोकत खोकत हसला. ‘‘आमच्या जलमाचा भोंगा गेला, आन्‌ तू ह्यो भोंगा केलास व्हय.’’ आज्याला खोकला कापसाचा आहे. सोमवारी गिरणीत गेलं की छाती जास्त आवळायची, असं तो सांगतो. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याला नाव खूप उशिरा कळलं.

भोंग्यावर मी फार खूश होतो. रात्री पाळीला सक्शन माऊथ साफ करताना मनात आलं, झालं की, तोंडाचा प्रश्न मिटला. मशीनला तोंड, मला भोंगा. आणि तिथंच उभ्या उभ्या काहीतरी टोचलं.

1928 साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला. त्या वेळी बाबासाहेबांनी धरून ठेवलं होतं की साचेखातं आमच्या माणसांना उघडं झालं पाहिजे, हे संपाच्या मागण्यांत आलं पाहिजे. कामगारांचे पुढारी आधी टाळत होते, मग त्यांना घ्यावं लागलं. मी हे दहा ठिकाणी भाषणात ऐकलंय, एकदा मीही बोललोय. पण त्या रात्री नीट कळलं. बाबासाहेबांनी तोंड न लावता चालेल असा नवा धोटा मागितला नव्हता. आमची माणसं आहेत तशी, त्यांच्या तोंडासकट, त्या खात्यात गेली पाहिजेत, असं मागितलं होतं. आणि मी काय केलं? वर्षभर बसून नवा धोटा बनवला. माझं तोंड त्यांच्या नळीला लागू नये याची सोय माझ्याच पैशानं, माझ्याच हातानं केली. ब्लेडवाल्याचं काम मी पुरं केलं.

असं म्हणलं तर हत्यारं खोटी ठरतात काय? नाही ठरत. पेट्रोल तोंडानं ओढू नये हे खरंच आहे. जेट फुंकू नये हे खरंच आहे. पण मी ती त्यासाठी केली नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्या एकमेकींना सांधता येत नाहीत. आमच्या डबीत हवेचा झोत मारला की सूत सांधतं. माझ्याकडं तसली डबी नाही. कविता दोन महिने येत नाही ती यामुळंच असावी.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी उंबराखाली एक गाडी ढकलत आली. मिस्त्रीचा पुतण्या. भिजलेला. गाडी त्याचीच, आमच्या गावाच्या फाट्यावर बंद पडलेली. कुणीतरी त्याला आमच्या वस्तीचा रस्ता दाखवला.

‘‘भावा,’’ तो म्हणाला, ‘‘तू हितं व्हय? गाडी बघतोस काय?’’

बघितली. बरणीत पेट्रोल सोडलं, खाली दोन बोटं पाणी. टाकी रिकामी करावी लागणार होती. भोंगा लावला. तो बघत राहिला. पंपानं जेट फुंकलं. तेही बघत राहिला. मध्ये लावलेला पिवळा तुकडा त्याच्या डोळ्यासमोर होता. ओळखायचं काही कारण नव्हतं. कारबोरेटर बसवता बसवता, हात कामात असल्यामुळंच बहुतेक, माझ्या तोंडातनं निघालं, ‘‘त्या दिवशी नळी का कापलीस रं?’’

‘‘कुठली नळी?’’

‘‘गॅरेजातली. मी ओढल्यावर. ब्लेडनं.’’

तो गप्प झाला. पाऊस उंबरावर वाजत होता. मग म्हणाला, ‘‘टोकाला ग्रीस लागलं असंल.’’

‘‘ग्रीस पुसता येतं.’’

त्यानं खाली बघितलं. खिशातनं शंभराची नोट काढली, मी घेतली. किक मारली, गाडी पहिल्या किकला चालू झाली. गेला. मला वाटलं होतं, हा प्रश्न विचारला की छातीवरनं काहीतरी उतरेल. तसं काही झालं नाही. फक्त भूक लागली, हे आठवतं.

चार दिवसांनी मिस्त्रीचा निरोप आला. जुन्या गाड्या साठल्यात, नवीन पोरांना जेट कळत नाही, रविवारी ये, रोजावर ये, सहाशे देतो. आणि तो भोंगा पण घेऊन ये, म्हणाला. आई म्हणाली, जाऊ नको. बाप म्हणाला, सहाशे म्हणजे गिरणीच्या रोजापेक्षा जास्त. आजा काहीच म्हणाला नाही, मग रात्री अंथरुणावरनं म्हणाला, ‘‘पैसे आदी ठरीव. आन्‌ जायाचं तर आपल्या पायानं जा.’’

रविवारी गेलो. पिशवीत स्क्रूड्रायव्हर, पंप, लेव्हलची नळी, बरणी, भोंगा. मिस्त्री म्हणाला, आलास, बरं झालं. पुतण्यानं मान हलवली. खिळ्याला तीच नळी होती, पिवळी, आखूड. पहिल्याच गाडीची टाकी उतरवायची होती. पिशवीला हात घातला, भोंगा लागला हाताला. काढला नाही. उठलो, खिळ्याची नळी घेतली, एक टोक टाकीत घातलं, दुसरं तोंडात धरलं आणि ओढलं. पेट्रोल ओठाला लागलं. कॅन भरला. नळी पुसली नाही. परत खिळ्याला टांगली आणि कारबोरेटर खोलायला बसलो.

दिवसभरात सात गाड्या झाल्या. त्यातल्या तीन नुसत्या एअर फिल्टर तुंबलेल्या, आमच्याच गिरणीच्या स्टँडवर उभ्या असणाऱ्या. संध्याकाळी हात धुतले, सहाशे मोजून घेतले. निघताना खिळ्याकडं बघितलं. नळी सकाळी होती तेवढीच होती.